ग्रेडर नानांची बंडी

देवाशप्पथ सांगतो, खाली लिहिलेलं सगळं खरं आहे. एक अक्षर वाढवलेलं नाही.

म्हणजे, एखादं वाढवलं असेल. शपथ घेतली की माझ्या जिभेवरचा ताबा सुटतो. त्याला कारण आहे. मी आयुष्याची ऐन वर्षं कापसाच्या वजनकाट्यावर काढली. वजन कमी सांगितलं की शेतकरी अंगावर यायचा, जास्त सांगितलं की साहेब. दिवसभर ग्रॅमचा हिशेब करणाऱ्या माणसानं निदान गप्पा मारताना तरी माप सैल सोडावं की नाही?

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून बी काढायच्या कारखान्यात, किस्से कसे साचतात, तेही सांगतो. कापसाची गाडी घेऊन आलेला माणूस रांगेत तीन-तीन तास उभा. हाताला काम नाही, म्हणून तोंड चालू. त्याचं ऐकून हमाल बोलणार, हमालांचं ऐकून मी बोलणार. संध्याकाळी यार्ड झाडलं की कचरा उचलून न्यायचे. किस्से तिथंच राहायचे!

त्यातले हे एका हिवाळ्यातले. ऐंशी साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील.

*

धुळ्याबाहेर पारोळा रोडला एका जिनिंगच्या आवारात कापूस खरेदी चालायची. काट्यावर मी, आणि ग्रेडर नाना.

ग्रेडरचं काम काय? गाडी आली की नाना ढिगात कोपरापर्यंत हात घालणार, आतून मूठभर कापूस ओढणार, त्यातला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणणार. धागा लांब की आखूड, पक्का की कच्चा, कोरडा की पाणी मारलेला, हे नानांच्या बोटांना कळायचं. मग एकच शब्द. ‘पहिली’, ‘दुसरी’ किंवा ‘तिसरी’. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं अख्खं वर्ष! आणि दिलेली ग्रेड नानांनी बावीस वर्षांत एकदाही बदलली नव्हती. तो पुंजका नमुना म्हणून आतल्या खिशात ठेवायचे. उद्या कोणी भांडायला आलं तर त्याच्या तोंडासमोर धरायला.

बावीस वर्षं गाडीच्या वर चांगला माल आणि खाली किडका बघून बघून नानांचा जगावरचा विश्वास उडाला होता. चहात साखर घातली म्हटलं, तर ढवळून कपाचा तळ बघायचे. घड्याळात किती वाजले ते दोघांना विचारायचे, आणि दोघांचं उत्तर एक आलं तर म्हणायचे, “दोघांनी मिळून ठरवलंय!”

असा हा माणूस एकाच गोष्टीला डोळे झाकून शरण जायचा. थंडीला.

आमच्या खान्देशात मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजावेत असं ऊन. पण थंडी आली की तीही तशीच, हात राखून नाही. बाकीचे डिसेंबरात कुडकुडायचे. नाना नवरात्रातच! घर देवपूरला. रोज सकाळी सायकलवरून पांझरेच्या पुलावरून यायचे. पूल आला की उतरून सायकल हातात धरून चालायचे. का, तर म्हणे, “सायकलवर वारा जास्त लागतो. चालताना तोच वारा हळू येतो.”

ऑफिसात एक कॅलेंडर होतं. त्याच्या डिसेंबरच्या पानावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. नानांनी ते पान एकदा पाहिलं आणि नोव्हेंबरचं पान उलटूच दिलं नाही. परिणाम काय झाला? अख्खा डिसेंबर आमच्या ऑफिसातून सगळी पत्रं नोव्हेंबरच्या तारखेनं गेली. आणि वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘आपण प्रथमच वेळेवर माहिती पाठविल्याबद्दल अभिनंदन!’

*

दिवाळी झाली तशी मॅनेजरसाहेबांनी नानांना आत बोलावलं. मी कागदावर सही घ्यायला तिथंच उभा होतो.

“नाना, मागच्या हिवाळ्यात तुमचे हात थरथरत होते. शेतकरी कुजबुजत होते. यंदा तसं दिसलं तर मी दुसरा ग्रेडर मागवीन. तुम्ही आत रजिस्टरवर बसा. खोलीत ऊब असते.”

साहेब चांगल्या मनानंच बोलत होते. पण नानांचा चेहरा असा झाला, जसा काही त्यांच्या हाताचा अंगठाच कोणी मागितला होता. यार्ड सोडून रजिस्टर! बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ऊब असते म्हणे. माझ्या खुर्चीवर त्याच्या कोणत्या पाहुण्याचा डोळा आहे, ते शोध.”

“नाना, आधी एखादा चांगला स्वेटर शोधू.”

“चांगला,” नाना म्हणाले, “कोण ठरवणार?”

इथून पुढचा सगळा हिवाळा त्या एका प्रश्नात गेला.

*

दर हिवाळ्यात धुळ्यात रस्त्याच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरांची दुकानं लागायची. दोरीवर रांगेत स्वेटर, खाली मफलर आणि माकडटोप्यांचा ढीग. मी रविवारी नानांना तिथं घेऊन गेलो.

नानांनी ढीग पाहिला आणि सवयीनं त्यात कोपरापर्यंत हात घातला!

“वरचे बघ,” मला म्हणाले, “वरचे नेहमीच चांगले असतात.” आणि अगदी तळातला एक चॉकलेटी स्वेटर ओढून काढला. त्याची बाही ताणली. वास घेतला. मग शिवणीतून हळूच एक धागा उपटला आणि खिशातून काडीपेटी काढली. खरी लोकर जळली की जळक्या केसाचा वास येतो, नायलॉन असेल तर त्याची टणक गोळी होते. हे सगळ्यांना माहीत असतं. दुकानात उभं राहून करतं कोण?

धागा जळला. नानांनी राख बोटात चोळली. “चाळीस टक्के नायलॉन.”

दुकानवाली बाई शांत होती. तिनं दुसरा दिला. नानांनी दुसरा धागा जाळला. तिसरा. चौथा. सहाव्या स्वेटरला बाईनं हात धरला.

“भाईसाब, स्वेटर लेना है, कि होली जलानी है?”

लोक जमले. मी म्हटलं, “नाना, घ्या हो एक! मी चार वर्षं हिच्याकडचाच मफलर वापरतो. शंभर टक्के लोकर.”

“कोण म्हणालं शंभर टक्के?”

“हीच म्हणाली होती.”

नानांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मीच गळ्यातला मफलर काढून दिला. त्यांनी धागा उपटला, काडी ओढली. पण तो धागा पूर्ण तुटलेला नव्हता! एक टोक मफलरातच होतं. वारा होता. पुढचं काय सांगायचं? मफलर गटारात विझवावा लागला.

नानांनी गटारात वाकून बघितलं आणि म्हणाले, “वास केसाचा आला. तुझा खरा होता बघ. जपून वापर.”

*

मग जळगावकडची तऱ्हा. नानांचे मेहुणे तिकडे पूर्वेला, केळीच्या भागातले. नाना सासुरवाडीला एका साखरपुड्याला गेले ते चार दिवसांनी आले. सकाळी पाहिलं तर नानांची छाती फुगलेली आणि हात सारखा सदऱ्याच्या आत. कर्रकर्र खाजवतायत.

“काय झालं नाना?”

“गप. परीक्षा चालू आहे.”

तर झालं होतं असं. मेहुण्यांनी बागेत फिरवताना दाखवलं, की थंडीच्या दिवसांत केळीच्या घडाभोवती ते पोतं गुंडाळतात. थंडीनं घड काळा पडतो म्हणून. नानांनी पोत्याच्या आत हात घालून पाहिलं, घड खरंच गार नव्हता. नाना हरखले. म्हणाले, “माणूस खोटं सांगेल. केळी कशाला खोटं सांगेल?” आणि चार स्वच्छ पोती मागून घेतली. त्यातलं एक आत्ता सदऱ्याच्या आत होतं.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. नाना खाजवतायत. साहेबांनी दोन पावलं मागे घेतली. “कधीपासून आहे हे?”

“परवापासून.”

“घरात आणखी कोणाला?”

“मेहुण्याकडं सगळ्या बागेला आहे,” नाना म्हणाले.

साहेबांनी त्या दिवसापासून नानांचा पेन घेणं बंद केलं! सहीसाठी नानांकडून कागद आला की साहेब तो पट्टीनं पुढं ओढायचे.

*

शेवटी नानांची बायको, अक्का, वैतागली. म्हणाली, “तुमचा कशावरच विश्वास नही. मग तुमच्याच हातानं तपासलेला कापूस घ्या आणि बंडी शिवा!”

हे नानांना पटलं. भडगावकडं नानांच्या भावाची थोडी जमीन होती. तिथून सरकी काढलेला, म्हणजे बी काढून मोकळा केलेला, पांढरा शुभ्र कापूस आला. नानांनी तो स्वतः ताणून बघितला आणि स्वतःच्या भावाला ‘पहिली’ ग्रेड दिली. भावाला म्हणे रडू आलं.

आता कापूस पिंजायला पिंजारी. देवपूरलाच एक म्हातारे पिंजारी होते. सगळ्या गल्लीच्या गाद्या त्यांच्या हातच्या. नाना सकाळीच स्टूल घेऊन त्यांच्या दारात बसले.

“नाना, संध्याकाळी या. पिंजून ठेवतो.”

“बसतो की. मला काय काम?”

पिंजारी धनुकली वाजवत होते आणि नाना डोळे न मिटता बघत होते. दुपारी पिंजारी जेवायला उठले तर नाना त्यांच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत! का, तर जेवायला जाताना कापूस बदलला तर? मग लक्षात आलं की आपण इथं, आणि कापूस तिकडे एकटाच. पळत परत. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजाऱ्यांनी धनुकली भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

“नाना, तुम्ही घरी जा. कापूस पळून जाणार नाही. पण तुम्ही असेच बसलात तर मी पळून जाईन!”

बंडी झाली. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर, दोन आतले खिसे, बाहेरून करडं जाड कापड. आत कापूस बेताचाच, पण पहिल्या ग्रेडचा. नाना ती घालून यार्डात आले तेव्हा कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर छान दिसत होती.

नाना म्हणाले, “काही लपवलेलं नाही यात. आत काय आहे ते मला माहीत आहे.”

*

बंडीनं पाठ-पोट झाकलं. हातांचं काय? आठवडाभरात वारा सुटला आणि सकाळी हात पुन्हा थरथरायला लागले. अक्कानं हातमोजे विणून दिले.

त्या दिवशी भडगावचे दगाभाऊ गाडी घेऊन आलेले. उंच, सावळे, अंगावर घोंगडी. मोजून-मापून बोलणारा शेतकरी. नानांनी हातमोज्यासकट ढिगात हात घातला तसे दगाभाऊ पुढं झाले.

“नाना, आंगवर काय बी घाला. हात उघडा पाह्यजे. लगीन लावताना बी कोनी हातमोजा घालत नही!”

रांग हसली. नानांनी हातमोजे काढून माझ्याकडे दिले. बोटं निळी पडली होती. त्यांनी पुंजका ओढला, अंगठ्यांत धरला, ताणला, आणि धागा मध्येच तुटला. पुन्हा ताणला. पुन्हा तुटला.

“धागा कच्चा. दुसरी.”

दगाभाऊंनी नानांच्या हाताकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. हात पानासारखे हलत होते.

“नाना, धागा कच्चा नही. तुमना हात थरथरी राह्यना.”

“ग्रेड झाली,” नाना म्हणाले आणि पुंजका बंडीच्या आतल्या खिशात टाकला.

दगाभाऊ गाडीकडे वळले. गाडी खाली केली, पावती घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काट्याकडे पाहिलं. वजन मला सांगता येतं. ग्रेड माझ्या हातात नव्हती.

*

पुढं मात्र चमत्कार झाला. थंडी वाढत गेली आणि नाना गरम होत गेले!

रेडिओवर सांगायचे, उत्तर महाराष्ट्रात कडाक्याची थंडी. यार्डातले बैल तोंडातून वाफा सोडायचे. हमाल कचरा पेटवून शेकत बसायचे. आणि नाना ढिगापाशी उभे, बंडीतून ऊब बाहेर येतेय. हात एकदम स्थिर. मॅनेजरसाहेब लांबून बघून मान हलवायचे. दुसरा ग्रेडर मागवायचं पत्र त्यांनी टेबलाच्या खणात टाकून दिलं.

नानांना याचा आनंद व्हावा की नाही? छे!

“रेडिओवाले फसवतात,” म्हणाले. “थंडी पडलेलीच नाही. लोकांना स्वेटर विकायचे आहेत.”

संक्रांत जवळ आली तशी बंडीची बटणं लागेनात. अक्कानं बटणं पुढं सरकवली. आठ दिवसांनी पुन्हा सरकवली. नानांचा संशय अक्कावर! “तू वरणात तूप जास्त घालतेस. माझ्या नकळत.” तूप बंद केलं. बटणं तरीही लागेनात. तिळाचे लाडू बंद केले. एक दिवस घरी सगळ्यांसमोर कपड्याच्या फितीनं पोट मोजलं, तर पोट होतं तेवढंच. मग संशय फितीवर.

शेवटी एका सकाळी, गाड्या यायच्या आधी, नाना माझ्या काट्यावर चढले. “बघ रे.”

मी बघितलं. गेल्या वर्षी गंमत म्हणून वजन केलं होतं, त्यापेक्षा चार किलो जास्त. (बरं, दोन. चार मी आत्ता केले.)

“दोन किलो वाढलात नाना.”

नाना खाली उतरले, काट्याच्या खाली वाकून बघितलं, वजनांना बोट लावलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी घरच्यासारखं विचारलं, “शेतकऱ्यांना किती वर्षं फसवतोयस?”

*

जानेवारीत यार्डातला कापूस कमी भरायला लागला. रोज थोडा. ढीग तेवढाच दिसायचा, पण आकडे जुळत नव्हते. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

नाना पुढं आले. त्यांचं म्हणणं तयारच होतं.

“साहेब, उन्हाळ्यात माणूस सदऱ्यावर येतो, लपवायला जागा नसते. हिवाळ्यात बघा. जो तो फुगलेला! आत काय भरलंय कोण सांगणार? फाटकावर झडती लावा. चहाला बाहेर पडला तरी झडती. लहान-मोठा बघायचा नाही. बठ्ठा लोक, झाडून सगळे!”

साहेबांना पटलं. फाटकावर आमचे चौकीदार आबा. सत्तरी गाठलेले, मोठ्या मिशांचे, पेन्शनीनंतर इथं लागलेले. त्यांना हुकूम मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसाची अब्रू फाटकावर उघडी पडली.

पहिला मी, चहाला निघालेला. आबांनी माझ्या छातीवर थाप मारली. कर्रर्र! सदऱ्याच्या आतून चार पानी पेपर निघाला. सायकलवर वारा लागू नये म्हणून मी रोज घालायचो. आबांनी तो उलगडला, चष्मा लावला. “आरे, हाऊ कालना शे! आजना घाल, म्हणजे माले बी वाचाले भेटी.”

मग साहेब. “माझी कसली झडती?” म्हणत होते. आबा म्हणाले, “हुकूम तुमनाच शे.” कोटाच्या आत साहेबांनी बाईसाहेबांची जांभळी शाल पोटाभोवती गुंडाळली होती. जरीचा काठ होता. त्या दिवसानंतर साहेब फाटकावर आले की आबा आदरानं विचारायचे, “आज कोनता रंग?”

नाना त्या दिवशी हसून हसून लाल झाले. एकटे तेच. कारण त्यांना चहाला जायचंच नव्हतं, आणि संध्याकाळी ते निघाले तोवर आबा घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी गेले.

*

मंगळवार होता. सकाळचे साडेआठ. वारा असा की रांगेतले बैलसुद्धा एकमेकांना चिकटून उभे. नाना फाटकाशी गेले आणि हात वर केले. आबांनी बंडीवर हात फिरवला, थांबले. पुन्हा फिरवला. मग दोन बोटांनी खालची कड चिमटीत धरली.

“नाना, बंडीमा सरकी कशी?”

मी वर सांगितलंच आहे. बंडीत भरलेला कापूस सरकी काढलेला होता. सरकीसकट कापूस आमच्याकडे एकाच ठिकाणी असायचा. यार्डात.

“पिंजाऱ्यानं!” नाना ओरडले. “पिंजाऱ्यानं बदलला! मी दोन दिवस बसलो होतो तरी!”

साहेब आले. रांगेतले शेतकरी आले. नानांना बंडी काढायला लावली. ती टेबलावर ठेवली तर आपोआप बसली, इतकी टम्म. नाना गंजिफ्रॉकवर उभे. साहेबांनी आतल्या खिशात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, आणि बोटं पाठीमागच्या बाजूला अस्तरातून हलताना दिसली!

खिसा तळाशी फाटलेला होता. जुन्या लुगड्याचाच तो. दीड महिना प्रत्येक गाडीचा नमुना नानांनी त्या खिशात टाकला होता, आणि प्रत्येक नमुना अस्तरात उतरला होता. कोणी भांडायला आलं नाही, म्हणून नमुना बाहेर काढायची वेळच आली नव्हती. सगळ्या तालुक्याचा कापूस अंगावर घेऊन नाना फिरत होते.

“खिसा फाटना, का फाडा, हाई कोन सांगी?” मागून कोणीतरी म्हणालं.

गर्दीतून दगाभाऊ पुढं आले. त्यांची दुसरी गाडी त्या दिवशी रांगेत पहिलीच होती. ते नानांशी नाही, साहेबांशी बोलले.

“साहेब, मना कापूस बी यामा व्हई. ग्रेडर शेत ना? वळखी दाखाडा म्हना.”

साहेबांनी नानांकडे पाहिलं. अस्तर उसवलं. आतून कापूस बाहेर आला तो टेबल भरून. नाना पुढं झाले. अंगावर शहारे, ओठ काळेनिळे. त्यांनी ढिगात बोटं फिरवली, एक पुंजका उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. पाचवा की सहावा पुंजका त्यांनी उजेडाकडे धरला. थोडी पिवळट झाक, आणि सरकीला काळ्या मातीचा कण.

“ही गिरणाकाठची गाडी. दगाभाऊंची. दुसरी दिली होती.”

आणि सवयीनं त्यांनी तो अंगठ्यांत धरून ताणला.

हात हलत नव्हते. कसे, ते मला विचारू नका. त्या वाऱ्यात, गंजिफ्रॉकवर, हात दगडासारखे. धागा निघत गेला, निघत गेला. तुटला नाही. नानांनी तो तसाच धरून ठेवला. मला वाटलं, गप्प बसतील. कोणाला काय कळणार होतं?

“चुकलो,” नाना म्हणाले. “पहिली होती.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांसमोर, चाळीस शेतकऱ्यांसमोर. चोरीचा आळ त्या फाटक्या खिशानं पुसला असता. पण यार्डातून उठवायला साहेबांना जे कारण लागत होतं, ते नानांनी स्वतःच्या तोंडानं टेबलावर ठेवलं.

मग दगाभाऊंनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि नानांच्या अंगावर टाकली. म्हणाले, “साहेब, हाऊ माणूस यार्डमाच ऱ्हाऊ द्या. चुकनू म्हणनारा ग्रेडर आमले दुसरा कोठे भेटी?”

साहेबांनी मान डोलावली. नानांनी घोंगडीची कड बोटांत धरली, चोळली, आणि दातावर दात वाजत असताना दगाभाऊंना विचारलं, “यात सूत किती टक्के?”

अख्खं यार्ड हसलं!

आता, सुरुवातीला शपथ घेतली होती म्हणून सांगून टाकतो. घोंगडीचं मी पदरचं घातलं. दगाभाऊंनी घोंगडी काढली नाही, काही बोललेही नाहीत, आणि कोणी हसलं नाही. साहेब आत निघून गेले. खणातलं पत्र त्याच दिवशी टपालात पडलं आणि आठ दिवसांत नवा ग्रेडर आला. दगाभाऊंनी फक्त आपल्या दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. नानांनी तसाच, गंजिफ्रॉकवर, त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

मी काट्यापाशी उभा होतो. माझ्या अंगात स्वेटर होता. तो मी काढला नाही.